बंद डब्यातला वैशाख

छाया बोत्रे यांच्यावर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, दुपारच्या जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाल्या झाल्या. बायका डबे मिटून जागेवर बसत होत्या. साहेब आले, त्यांनी छायाताईंना टेबलावरून उठवलं आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, "तुमचा हात गेलाय. जोड कच्चे येतायत. उद्यापासून येऊ नका." उद्या सण होता.

चाकणच्या औद्योगिक वसाहतीतलं ते एक पत्र्याचं शेड. मोठ्या कारखान्यांच्या मशीनांना लागणारे इलेक्ट्रॉनिक बोर्ड तिथे तयार होतात, आणि त्या बोर्डांवर सोल्डरिंग करण्यात, म्हणजे कथील वितळवून सुटे भाग जोडण्यात, छायाताईंची उमेदीची वर्षं गेली. त्यांच्याबद्दल जे बोललं गेलं ते खोटं होतं. ते खोटं कसं, एवढ्यासाठीच मी हे लिहितेय. एरवी मला उन्हाळ्यावर लेखबिख लिहायची हौस नाही. मी कामगार संघटनेची पत्रकं लिहिणारी मुलगी. पत्रकात ऋतू येत नाहीत, मागण्या येतात. पण या प्रकरणात उन्हाळाच साक्षीदार आहे, त्याला टाळून बाजू कशी मांडणार?

पुन्हा वैशाख आलाय. आळंदीला नदीकाठी निदान पिंपळाचा पार तरी असतो. इकडे सावली म्हणजे रस्त्याकडेला उभ्या केलेल्या ट्रेलरची. तिच्यात टेकून माणसं डबा सोडतात, तेवढ्यात ड्रायव्हर येतो, गाडी काढतो, आणि सावली नाशिकच्या दिशेने निघून जाते. गेटवरच्या वॉचमनची खुर्ची भिंतीच्या कडेकडेने सरकत राहते. कंपनीच्या बसच्या दांड्याला हात लावला की हात झटकावा लागतो. एका कंपाउंडच्या आत बहावा पिवळाजर्द फुललाय आणि त्याच्या खाली पाटी आहे, "येथे थांबू नये". फुलं मुकाट्याने त्या पाटीवरच पडतात. मी गेटवर पत्रकं वाटत उभी असते, तेव्हा कागद घामाने बोटांना चिकटतो आणि घेणारा म्हणतो, "ताई, यापेक्षा ताक वाटा ना!" बरोबरच आहे त्याचं.

त्या शेडमध्ये पंखे होते. लावायचे नाहीत, एवढंच. सोल्डरिंगच्या टेबलावर वारा चालत नाही. सोल्डरिंग गनचं तापलेलं टोक गार पडतं, जोड नीट बसत नाही. म्हणून होळी झाली की पंख्यांच्या बटणांवर चिकटपट्टी लागायची. वर पत्रा, खाली बायकांची रांग, प्रत्येकीच्या हातात तापलेली सोल्डरिंग गन, आणि तोंडासमोर राळेच्या धुराची बारीक शेंडी. त्या धुराचा वास मला आजही कुठे आला तर आधी मानेला घाम फुटतो. बायका ओला नॅपकिन मानेवर टाकायच्या, कमरेला कांदा खोचायच्या. कुणीतरी कैरीच्या फोडी तिखटमीठ लावून आणायची आणि त्या टेबलाखालून रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायच्या.

आणि मी? मी शाल पांघरून बसायचे. भर वैशाखात. डिप्लोमा करून मी तिथे टेस्टिंगला लागले होते, आणि टेस्टिंगच्या खोलीला एसी होता. मोजायच्या यंत्रांना उकाडा सोसत नाही म्हणे. यंत्रांची काळजी घेतलेली मला खटकत नाही. पण मधली काच पुसली की पलीकडे बायका दिसायच्या, आणि अलीकडे मी शालीत. एकदा एकीला चक्कर आली तेव्हा साहेब बाहेर येऊन विचारत होते, "सकाळी खाऊन आली नव्हतीस का?" म्हणजे दोष तिच्या न्याहारीचा. पत्र्याला कुणी काही विचारलं नाही.

छायाताई मूळच्या इकडच्याच, खेड तालुक्यातल्या. वसाहत झाली तेव्हा सासरची जमीन तिच्यात गेली. बोलणं अजून गावाचं. बोर्डाचा जो भाग बाईने केला त्यावर तिने आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा, अशी आमच्याकडे पद्धत होती. रंग म्हणजे साधं नेलपॉलिश. छायाताईंचं जांभळं. मी एकदा म्हटलं, "ताई, कधी नखांना पण लावा की."

"नखाला लावायला येळ कुठं हाय गं? बोर्डाला लावते. त्याला सासरी जायाचंय, मला कुठं जायाचंय!"

अख्खी रांग हसली होती.

बोर्डाला वीज पुरवणारा भाग एकट्या छायाताई करायच्या. त्या भागात एक तीन पायांचा काळा तुकडा असतो, अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा. त्याला लिनियर रेग्युलेटर म्हणतात. त्याचं काम सोपं. बाहेरून बारा व्होल्ट येतात, बोर्डाला पाचच लागतात; तो पाच पुढे देतो. मग वरचे सात कुठे गेले? कुठेच जात नाहीत. जेवढा प्रवाह त्याच्यातून वाहतो, तेवढ्या प्रमाणात ते सात तो स्वतःच्या अंगावर जाळतो. गरम होतो. कॉलेजात ही गोष्ट एका ओळीत शिकवतात आणि पुढच्या प्रश्नाकडे जातात. मला मात्र हा तुकडा फार ओळखीचा वाटतो. वरून जास्तीचं येतं, खाली मोजकंच द्यायचं, मधला फरक अंगावर घ्यायचा. पिंपरीच्या प्रेसशॉपमधून रिटायर झालेल्या माझ्या पप्पांना मी हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे सुपरवायझर." मी म्हटलं, "नाही पप्पा, त्याच्या खालचा."

तर ही उष्णता बाहेर काढायला त्या तुकड्याच्या पाठीला ॲल्युमिनियमचा एक पंख जोडतात. आमच्याही बोर्डाला होता. पण त्या वर्षी थंडीत गिऱ्हाइकाला चपटा डबा हवा झाला. पंख डब्यात मावेना. मग पंखच काढून टाकला. डिझाइनच्या खोलीत बैठक झाली, चहा झाला, बोर्ड तपासून पास झाला. पौषात, एसीच्या खोलीत, झाकण उघडं ठेवून. सगळं छान चाललं, कारण पौषात कुणाचंही छान चालतं.

चैत्राच्या मध्यापासून बोर्ड परत यायला लागले. तक्रार एकच: दुपारी मशीन आपोआप बंद पडतं, संध्याकाळी आपोआप चालू होतं. माझ्या टेबलावर ते यायचे तेव्हा एकदम ठणठणीत. गार खोलीत दिवसभर चालवले तरी काही नाही. मग साहेबांनी निदान केलं. जोड कच्चा असला की असा लपंडाव होतो, हे खरं आहे; म्हणून जोड कच्चेच असणार. पुरावा काय? परत आलेल्या प्रत्येक बोर्डावर जांभळा ठिपका.

वाचणाऱ्यांनो, इथे थोडं थांबा. जांभळा ठिपका परत आलेल्या प्रत्येक बोर्डावर होता. परत न आलेल्या प्रत्येक बोर्डावरही होता. शेडमधून बाहेर पडलेल्या एकूण एका बोर्डावर होता, कारण तो भाग करणारी बाईच एक होती! आडनाव बघून चोर ठरवायची आपल्याकडे जुनी सवय आहे. माझ्या घराला ती चांगली माहीत आहे. इथे ठिपका बघून ठरवला, इतकंच.

छायाताई त्या दिवशी रडल्या नाहीत. त्यांनी समोरचा एक बोर्ड उचलला आणि साहेबांच्या हातात दिला. म्हणाल्या, "साहेब, माझा जोड कच्चा आसंल तर मोडून दाखवा."

साहेबांनी बोर्ड उलटासुलटा केला आणि खाली ठेवला. "वाद नकोय मला, बाई."

"वाद न्हाई. मोडा की."

त्यांनी मोडला नाही. छायाताईंनी डबा घेतला, चप्पल घातली आणि त्या भर उन्हात गेटबाहेर गेल्या.

सणानंतर मी एक नवा बोर्ड घेतला. त्याचा वीजपुरवठ्याचा भाग मुद्दाम दुसऱ्या बाईकडून करून घेतला, पिवळ्या ठिपक्याच्या. चपट्या डब्यात घातला, झाकणाचे चारही स्क्रू लावले आणि डबा शेडच्या पत्र्याच्या भिंतीला टांगला. आत उष्णता मोजायची तार सोडली. बोर्डावरचा हिरवा दिवा डब्याच्या खिडकीतून दिसत होता. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायका समोर पाय पसरून बसल्या, जशा काही सिनेमाला आल्यात. डब्यातली हवा साठ अंशांजवळ गेली. पंखाविना तो तुकडा भोवतालापेक्षा नव्वदेक अंश जास्त तापतो. हा हिशोब मी आदल्या दिवशीच केला होता. एसीत चोवीस आणि नव्वद, चालतं. इथे साठ आणि नव्वद. दीडशेच्या आसपास गेलं की तो स्वतःच बंद होतो. तशी सोयच असते त्याच्या आत, जळून जाऊ नये म्हणून.

दिवा गेला.

"मेला, घेरी येऊन पडला गं!" पिवळ्या ठिपक्यावाली ओरडली.

"कांदा हुंगवा त्याला, कांदा!"

मी झाकण काढलं, पुठ्ठ्याने वारा घातला. थोड्या वेळाने दिवा पुन्हा लागला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. जोड वेगळा, बाई वेगळी, आणि तरी बोर्ड बंद पडलेला. यापेक्षा स्वच्छ काय दाखवणार? मी साहेबांना बोलावून आणलं आणि सगळं पुन्हा करून दाखवलं.

ते म्हणाले, "हा पार्ट एक अँपिअरचा आहे. आपण त्याच्याकडून पाचवा हिस्सा घेतो. लिमिटच्या कितीतरी आत आहोत. अगं, बैल टनभर ओढतो, आपण गाडीत चार पोती टाकलीत. बसेल कसा?"

"साहेब, पेटत्या गोठ्यात बांधला तर रिकाम्या गाडीला पण बसेल. एक अँपिअर म्हणजे पाठीला पंख असताना. पंख तुम्ही काढलात."

"असं टेस्टिंग आपल्या प्रोसिजरमध्ये बसत नाही."

हे खरं होतं. प्रोसिजरमध्ये वैशाख बसत नव्हता. झाकणसुद्धा बसत नव्हतं. माझं कंत्राट पुढे वाढलं नाही. मी संघटनेत आले आणि पत्रकं लिहायला लागले.

त्या उन्हाळ्यातली मला सर्वांत जास्त चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. जूनमध्ये पाऊस लागला. पत्रे निवले, डबे निवले, बोर्ड परत यायचे थांबले. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "बघा, छायाबाई गेल्या आणि तक्रारी थांबल्या." पिवळ्या ठिपक्यावालीने मला फोन करून हे सांगितलं तेव्हा मी बसमध्ये होते, आणि इतक्या मोठ्याने शिवी हासडली की कंडक्टरने वळून पाहिलं. एका बाईच्या बदनामीवर पावसाने शिक्का मारून दिला! पुढे छायाताई दोन-तीन शेडमध्ये विचारायला गेल्या. सगळीकडे आधीच बातमी पोचलेली: हिच्या जाण्याने माल सुधारला.

थांबणं म्हणजे कामचुकारपणा, हे आपल्याला शाळेपासून शिकवतात. तो तुकडा ज्यांनी घडवला त्यांना मात्र अक्कल होती. त्यांना माहीत होतं की कधीतरी हा सोसवेना इतका तापेल. तेव्हा याने कुणाची परवानगी न मागता थांबावं, निवावं आणि पुन्हा कामाला लागावं. जास्तच प्रवाह कुणी ओढायला गेलं तर हात आखडता घ्यावा. ही सोय काळ्या तुकड्यात आहे. चाकणच्या पत्र्याखाली बसणाऱ्या माणसांसाठी ती लिहिलेली असेल, तर मला कुणीतरी दाखवावी. ज्या तुकड्याने थांबून खरं सांगितलं, त्याचं खरं ऐकायच्या ऐवजी ते एका बाईच्या माथी मारलं गेलं.

छायाताई आता चाकणच्या मार्केटला कांदा निवडायला जातात. परवा गेले होते. उन्हाळी कांद्याचे ढीग, फोलपटं उडतायत, हवेत तो डोळ्यांना झोंबणारा गोडसर वास. त्या गोणपाटावर बसल्या होत्या, डोक्यावरून पदर. मला बघून हात न थांबवता म्हणाल्या, "ये प्रज्ञा. काय, मोर्चा हाय का आज?"

मी म्हटलं, "संघटनेकडे कंपनीचा निरोप आलाय. परत घ्यायला तयार आहेत. नवीन म्हणून. जुनं काही काढायचं नाही म्हणतात."

"जुनं काढायचं न्हाई म्हंजे?"

"म्हणजे तुमचे जोड कच्चे होते, हे तसंच राहणार."

एक सडका कांदा त्यांनी बाजूला फेकला. "मग न्हाई. कांदा काय वाईट हाय? हितं सडका कोन आन् चांगला कोन ते हातात घेऊन बघत्यात तरी. त्यांना सांग, आमी काम मागाया न्हाई येत. सगळ्यांम्होरं बोलला व्हता ना साहेब? सगळ्यांम्होरं मागारी घे म्हनावं."

बाजूची बाई म्हणाली, "छाये, घे की गं. सावलीतलं काम हाय."

"सावली? तू बसलीस का कधी त्या सावलीत?"

त्याच संध्याकाळी पिवळ्या ठिपक्यावालीचा फोन आला. "प्रज्ञा, परत सुरू झालंय गं. बोर्ड यायला लागलेत. दुपारी बंद, संध्याकाळी चालू." डबा तोच चपटा, पंख नाहीच. छायाताईंच्या जागी आता नवीन मुलगी आहे, तिचा ठिपका हिरवा. साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून विचारलंय, लक्ष कुठे असतं तुझं? म्हणजे या वर्षी हिची पाळी. उन्हाळा दर वर्षी येणार, आणि ते दर वर्षी एका बाईचा रंग पुसणार.

कामगार कार्यालयात आमचं प्रकरण लागलंय. आमचं म्हणणं साधं आहे: अधिकाऱ्यांनी दुपारी शेडवर यावं, बोर्ड डब्यात घालावा, झाकण लावावं आणि बघावं. कंपनीचं म्हणणं, तारीख पुढे द्या, साहेब बाहेरगावी आहेत. किती पुढे? पावसाळ्यात. अहो, पावसाळ्यात तो बोर्ड कुणाच्याही समोर शहाण्यासारखा चालेल! आमचा पुरावा म्हणजे हा उकाडा आहे, आणि त्याची मुदत आभाळ ठरवतं. सगळं गाव ढगांकडे डोळे लावून बसलंय आणि मी रोज सकाळी उठून बघते, ऊन आहे ना? आहे. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटतंय, तापू दे अजून. हे बोलल्यावर पप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हिला आता खरंच ताक द्यायला हवं.

कंपनीचा दुसरा मुद्दा मात्र बोचणारा आहे. ते म्हणतात, या मुलीला आम्हीच काढलं, ती सुडाने बोलणार. एकही जाणकार इंजिनियर यांच्या बाजूने उभा नाही. आणि हे खरं आहे. उभा नाही. मोबाइलवर मात्र खूप आहेत. तो चपटा डबा ज्याने आखला तो डिझाइन इंजिनियर ताथवड्याच्या कॉलेजातून आलेला, माझ्याच वयाचा. गेल्या वर्षी तो पार्किंगमध्ये मला म्हणाला होता, "तू बरोबर आहेस गं. मी पंख काढू नका म्हटलं होतं. पण माझं नाव नको घेऊस यार, घरी आत्ताच फ्लॅट बुक केलाय." मी घेतलेलं नाही, आजही घेत नाही. भोसरीतल्या एकाने तर पूर्ण आकडेमोड करून पाठवली, माझ्यापेक्षा नीटनेटकी, आणि खाली लिहिलं, "फॉरवर्ड करू नये." देहूरोडच्या एका सरांनी फोनवर अर्धा तास समजावलं की आमचं कसं अगदी अचूक आहे. शेवटी म्हणाले, "माझा संदर्भ कुठे देऊ नका." इतकी माणसं बरोबर असूनही एक बाई चूक ठरते. तुमच्या त्या बरोबर असण्याला मी काय चाटू?

पप्पा म्हणतात, पत्रकात एकच मागणी ठेवावी. दहा वाचून माणूस घडी करून खिशात घालतो. म्हणून एकच करते, आणि इंजिनियर मंडळींनो, तुमच्याकडेच करते. हे वाचणाऱ्यांमध्ये तुम्ही आहात, मला माहीत आहे. तुम्हाला कळलंय की तो जोड कच्चा नव्हता. पाऊस लागायच्या आत एका दुपारी रजा टाका. त्या शेडवर या, अधिकाऱ्यांच्या समोर बोर्डावर झाकण लावा, दिवा जाईपर्यंत थांबा, आणि मग आपलं पूर्ण नाव आणि हुद्दा सांगून मोठ्याने बोला की चूक डब्याची आहे, छाया बोत्रे यांची नाही. आजच कळवा, कोणत्या दुपारी येताय.